कडुनिंबाच्या बाटलीवरचा पाहुणा

मंडळी, सातासमुद्रापारच्या आमच्या ट्रॉय शहरातून आनंदाची बातमी!

मोनार्क फुलपाखरांच्या अळ्यांना खायला म्हणून लावलेल्या मिल्कवीडवर, म्हणजे रुईच्या जातीतल्या झुडपावर, गेल्या आठवड्यात पिवळ्या माव्याची कीड पडली. मी सवयीने कडुनिंबाचं तेल कालवून स्प्रेची बाटली भरली. लेक ओरडली, "आई, स्टॉप! कॅटरपिलर्स पण मरतील!" मग नागपूरहून आलेल्या सासूबाईंनी ओल्या फडक्याने एकेक पान पुसलं.

झाड टवटवीत झालं, पण आज सकाळी सगळ्यात गुबगुबीत अळी गायब! पक्ष्यानेच खाल्ली म्हणून लेक रडकुंडीला आली. तेवढ्यात सासूबाईंनी हाक मारली, "बाळा, इकडे बघ."

कुंडीशेजारी विसरलेल्या त्याच बाटलीच्या नॉझलखाली हिरवागार कोश लटकत होता!

आता फुलपाखरू उडेपर्यंत बाटलीला हात लावायचा नाही, असा सासूबाईंचा हुकूम आहे. माझा कडुनिंब निदान असा तरी कामी आला. तुमचा?