उलट्या कॅमेऱ्याचा सुदर्शन

सुदर्शन साखरशेतचा. घरी भाताची, नाचणीची शेती. पण तो शिकला आणि जव्हारला एका सरकारी कचेरीत कारकून झाला. आठवडाभर आवक-जावक टपाल, आणि रविवारी माळ.

जामसरच्या वाटेला तांबड्या मुरमाचा एक उघडा माळ होता. जव्हार-मोखाडा लाइनवर जीप चालवणारे पाच-सात ड्रायव्हर उन्हाळ्यात रविवारी दुपारी तिथं जमायचे. मागच्या चाकांना झिजून गुळगुळीत झालेले टायर चढवायचे, गाडी दामटायची, आणि वळणावर हँडब्रेक खेचून स्टिअरिंग उलटं मारायचं. जीपचं मागलं अंग गरकन फिरायचं आणि आडवी झालेली गाडी धुरळ्याचा लोट उठवत तशीच घसरत जायची. याला ते शेपटी मारणं म्हणत. बक्षीस नाही, शर्यत नाही. कुणाची शेपटी लांब गेली यावर पुढचा आठवडाभर स्टँडवर बोलणं चालायचं, एवढंच.

सत्त्याण्णव साली सुदर्शननं नाशिकहून एक जुना कॅमेरा आणला. शिकवणारं कुणी नव्हतं. पहिल्या रोलमधल्या जीपगाड्या अशा आल्या, की जणू कुणी माळावर आडव्या उभ्या करून ठेवल्यात. चाकंसुद्धा थांबलेली. मग चुकत-माकत त्याच्या ध्यानात आलं, की शटर सावकाश ठेवायचं आणि गाडीबरोबर आपणही कमरेतून वळत जायचं. मग गाडी ठळक येते, चाकं फिरताना दिसतात आणि मागचा माळ रेघारेघांनी पळतो. असा पहिला फोटो त्याला मिळाला तो हेमंतचा.

हेमंत त्याच्याच वयाचा. बापाच्या तीन जीपगाड्या, त्यामुळं स्टँडवर कुठली गाडी कधी सुटणार हे त्याच घरातून ठरायचं. पण हात खरोखर चांगला होता. माळावर त्याच्यासारखी शेपटी कुणाची जात नसे. तो फोटो स्टँडसमोरच्या रखमीबाईच्या हॉटेलात फळीवर लागला, आणि मोखाड्यापासूनचे उतारू तो बघायला आत डोकावू लागले. हेमंत दिवसातून चार वेळा चहाला यायला लागला.

नव्याण्णवच्या मार्चमध्ये हेमंत म्हणाला, "लांबून काय काढतोस? त्या दगडापाशी बस. पाच फुटांवरून नेतो."

"नक्की पाच ना?"

"माझ्या हातावर भरवसा नाय काय तुझा?"

वळणावर बैलाएवढा काळा दगड होता. सुदर्शन त्याला टेकून बसला. पहिल्या दोन फेऱ्या पाच फुटांवरून गेल्या. तिसऱ्या वेळी हेमंतनं वेग वाढवला. गाडीचं मागलं अंग आपल्यावरच येतंय हे दिसल्यावर सुदर्शन उजवा हात दगडावर रेटून उठायला गेला. जीपचा मागचा कोपरा त्या हातावर बसला.

चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

दवाखान्यात पोलीस आले तेव्हा हेमंतनं सांगून टाकलं, की सुदर्शन प्यायला होता, चालत्या जीपच्या मागं लटकला आणि पडला. त्या दिवशी माळावर असलेल्या पाचही ड्रायव्हरांनी त्या जबाबाखाली सह्या केल्या. नंबर लावणारं घर हेमंतचं. सही न करणाऱ्याची गाडी दिवसभर स्टँडवर उभी राहिली असती. त्या पाचांत देवरामही होता, सुदर्शनचा शाळेपासूनचा मित्र. सुदर्शन शुद्धीवर येऊन बोलायला लागला तोवर कागद पुढं गेला होता. कचेरीत चौकशी लागली. दारूचा थेंब न घेणाऱ्या माणसाची बढती 'नशेत अपघात' या दोन शब्दांवर अडकली.

हेमंत एकदाच घरी आला. सोबत केळी. म्हणाला, "माझं लायसन गेलं असतं रे. तुझी नोकरी तर शाबूत हाय ना?"

सुदर्शनची बायको निशा शाळेत शिक्षिका. तिनं केळी तशीच हेमंतच्या हातात परत दिली.  त्या दिवसापासून सुदर्शनच्या डोक्यात हेमंतशिवाय दुसरं काही उरलं नाही.

कॅमेऱ्याचं बटण उजवीकडं. डावा हात आडवा घालून दाबायला गेलं की कॅमेरा हलायचा. आठ महिने तो घराच्या ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या सायकलींवर नेम धरत होता. शेवटी त्यानं कॅमेराच उलटा केला. आता बटण डाव्या अंगठ्याखाली आलं, आणि उरलेल्या उजव्या पंजाचा नुसता टेकू. फोटो धुऊन आला की फिरवून धरायचा.

दोन हजार सालच्या उन्हाळ्यात तो माळावर परत गेला.  त्यानं नेहमीसारखी जागा धरली आणि एकेकाचे फोटो काढले. देवरामचे तर चार काढले. हेमंतची जीप वळणावर आली तेव्हा त्यानं कॅमेरा खाली घेतला, आणि धुरळा बसेपर्यंत दुसरीकडं बघत राहिला.

रोल एस.टी.च्या ड्रायव्हरबरोबर नाशिकला जायचा आणि आठ दिवसांनी फोटो यायचे. रखमीबाईच्या फळीवर ते लागले. हेमंतचा जुना फोटो सुदर्शननं आदल्याच आठवड्यात काढून नेला होता.

"भाऊ, याचा नाय का एक पण?" रखमीबाईनं हेमंतकडं बोट दाखवत विचारलं.

"नाही."

हेमंत त्या वेळी हसला. दुसऱ्या उन्हाळ्यात हसेना. इतर ड्रायव्हरांच्या जीपच्या काचांवर स्वतःचे फोटो चिकटलेले होते, उतारू त्यांना नावानं ओळखायला लागले होते. दोन हजार एकपासून नाशिकची पोरं जुन्या जिप्सी गाड्या घेऊन माळावर यायला लागली. त्यांनी नाशिकला रोल धुणाऱ्या दुकानात सुदर्शनचे फोटो बघितलेले. ती पोरं देवरामपाशी जाऊन हात मिळवायची आणि हेमंतला विचारायची, "तुम्ही पण चालवता का?"

हेमंत कॅमेऱ्याच्या अंगावर येईल अशा शेपट्या मारू लागला. कॅमेरा खाली जायचा. त्यानं नाशिकहून लग्नाचे फोटो काढणारा एक फोटोग्राफर आणवला. त्याच्या फोटोंत जीप माळावर पार्क केल्यासारखी आली. सुदर्शननं ते फोटो हातात घेऊन नीट बघितले आणि म्हणाला, "छान उभी आहे गाडी." ते ऐकायला सगळा स्टँड तिथं होता. तो आठवडा सुदर्शनचा फार सुखात गेला.

दोन हजार तीन साली नाशिकच्या पोरांनी सुदर्शनच्या फोटोंचं छोटं प्रदर्शन मांडायचं ठरवलं. तेव्हा हेमंत कचेरीच्या दारात येऊन उभा राहिला.

"माझा एक फोटो काढ."

"रखमीबाईच्या हॉटेलात सगळ्यांसमोर खरं काय झालं ते सांग. आणि लिहून दे."

"मग काढशील?"

"मग रविवारी ये."

सुदर्शनला वाटलं होतं, हेमंत हॉटेलात येऊन कबूल करणार नाही. हेमंत आला. पाचही ड्रायव्हरांसमोर उभा राहून म्हणाला, की सुदर्शन प्यायला नव्हता, लटकला नव्हता, गाडी मीच अंगावर घातली. बोलताना त्याचे कान लाल झाले होते. कागदावर त्यानं सही केली, मग पाचांनी केली. देवराम सही करताना रडला. तो कागद कचेरीत लागला आणि पुढं बढतीही झाली.

रविवारी अख्खा माळ जमला. सुदर्शननं आधी बाकीच्यांचे फोटो काढले. रोल संपला. "नवा भरतो," म्हणून तो देवरामच्या जीपमागं गेला, कॅमेऱ्याचं झाकण उघडून संपलेला रोल काढून घेतला आणि झाकण तसंच बंद केलं. मग त्याच काळ्या दगडापाशी जाऊन बसला.

हेमंत आला. इतकी सुंदर शेपटी त्यानं आजवर मारली नव्हती. जीप पूर्ण आडवी होऊन, दगडापासून बरोबर पाच फुटांवरून, वीतभरही न डगमगता घसरत गेली. काचेत सुदर्शनला हेमंतचा चेहरा स्वच्छ दिसला. तो रस्त्याकडं नव्हे, कॅमेऱ्याकडं बघत होता. सुदर्शन कमरेतून वळत गेला आणि बटण दाबत राहिला. हेमंतनं सहा फेऱ्या मारल्या. सहाही वेळा सुदर्शननं बटण दाबलं.

पुढचे आठ दिवस हेमंत रखमीबाईकडं रोज एस.टी.ची वाट बघत बसला. काचेवर फोटोपुरती जागा त्यानं पुसून ठेवली होती. पाकीट आलं तेव्हा त्यानंच ते फोडलं. एकदा चाळलं, मग पुन्हा चाळलं.

"माझे कुठं हायत?"

"रोल नव्हता," सुदर्शन म्हणाला.

हेमंतला आधी कळलंच नाही. कळल्यावर त्यानं पाकीट टेबलावर ठेवलं, बशीत ओतलेला चहा तसाच टाकला आणि बाहेर गेला. कुणी हसलं नाही. देवरामनं सुदर्शनकडं बघितलं आणि तोही उठला.

घरी निशानं विचारलं, "त्यानं कबूल केलं होतं ना?"

"केलं."

"सगळ्यांसमोर?"

"हो."

"मग आज हे कशाला?"

"मला करायचं होतं म्हणून," सुदर्शन म्हणाला. "माझी बोटं कुठं परत आली?"

निशानं त्याला जेवायला वाढलं, पण ती समोर बसली नाही.

हेमंत पुन्हा माळावर आला नाही. त्याच्या तोडीची शेपटी बघायला मिळेना, तसं नाशिकच्या पोरांचं येणंही कमी झालं, आणि दोन उन्हाळ्यांत माळ ओस पडला. देवराम वर्षभर सुदर्शनशी कामापुरतं बोलला, मग हळूहळू पहिल्यासारखा झाला. निशानं तो विषय पुन्हा काढला नाही. तुला वाईट वाटलं का, असं सुदर्शनला कुणी विचारलं, तर तो सरळ नाही म्हणायचा आणि ते खरं होतं.

घरून कचेरीला जायला मागच्या आळीतून जवळची वाट होती. तरी सुदर्शन रोज जीप स्टँडवरून जायचा. हेमंत आपल्या गाडीपाशी उभा असला, की सुदर्शन पाऊल सावकाश टाकायचा. हेमंत मान खाली घालेपर्यंत त्याच्याकडं बघायचा, आणि मगच पुढं निघायचा.