वरचा आकडा

आमच्या काचेच्या कारखान्यात तिला सगळे आत्या म्हणायचे. मॅनेजर म्हणायचा, फाटकावरचा पहारेकरी म्हणायचा, आणि भट्टीवरचा मिस्त्री तर तिच्याहून वयाने मोठा असून न लाजता म्हणायचा. खरं पाहता ती दोनच मुलांची आत्या होती, धाकट्या भावाच्या. पण भाच्याचा पडलेला दात आणि भाचीची परीक्षा यांच्या बातम्या ती इतक्या इमानाने पुरवायची की ते नाव तिला कायमचं चिकटलं. नातं एका घरातलं, वापरत होता सगळा कारखाना.

मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचे. काम तपासणीचं. भट्टीतून निघून गार झालेल्या बाटल्या पट्ट्यावरून समोर येतात, त्यांच्या मागे उजेडाची पांढरी काच असते. कुणात बुडबुडा, कुणाला चीर, कुणाची मान वाकडी, अशी बाटली उचलायची आणि बाजूच्या पिंपात टाकायची. ती फुटून परत भट्टीत जाते. नजर पट्ट्यावरून काढायची सोय नाही, त्यामुळे आम्ही दोघींनी वर्षानुवर्षं ज्या गप्पा मारल्या त्या एकमेकींकडे न बघताच. तिचा चेहरा मला डोळे मिटून सांगता येणार नाही, आवाज मात्र पाठ आहे.

ती एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत एकटी राहायची. लग्न केलं नाही. का, असं मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाली, भावाचं शिक्षण चालू होतं, आणि ते संपलं तेव्हा कुणी विचारायला उरलं नव्हतं. हे तिने रडत वगैरे सांगितलं नाही, बस का चुकली ते सांगावं तसं सांगितलं. सकाळी निघताना ती रेडिओ चालू ठेवून कुलूप लावायची. मी म्हटलं, अगं, विजेचं बिल कोण भरणार? तर म्हणाली, संध्याकाळी दार उघडलं की आत कुणीतरी बोलत असावं, तेवढी चैन मला परवडते. मला त्यावर काहीतरी चेष्टा सुचली होती, ती मी गिळली.

भाऊ वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकलं की लोक त्याच्यावर घसरतात. तो नोकरीसाठी दूरच्या शहरात होता, दर रविवारी फोन करायचा, बहिणीला विसरला असं कुणी म्हणू शकणार नाही. भावजयही तोंडाने गोड होती. आत्या सुट्टीत त्यांच्याकडे जायची तेव्हा बाहेरच्या खोलीत गादी टाकून झोपायची आणि कुणी उठायच्या आत ती गुंडाळून ठेवायची. कुणी सांगितलं नव्हतं तसं करायला. पाहुण्याला ते आपोआप कळतं.

मग भावाने घर घ्यायचं काढलं. दोन खोल्यांचं की तीन, यावर बरेच रविवार खल झाला. शेवटी त्याने फोनवर सांगितलं की ताई, तीन खोल्यांचं जमलं तर एक तुझी, निवृत्त झालीस की इकडेच ये. अडचण एकच, तिसऱ्या खोलीचे वरचे चार लाख कुठून आणायचे. आत्याची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. दुसऱ्या दिवशी तिने मला ही बातमी दिली तेव्हा पट्ट्यावरून एक चिरलेली बाटली तिच्या नजरेसमोरून गेली आणि तिने उचलली नाही. मी उचलली. असं आधी कधीच घडलं नव्हतं.

आणि बघा योग कसा. त्याच सुमारास आमचा कारखाना विकला गेला. नव्या मालकांनी जुन्या माणसांना खूश करायचं ठरवलं. मॅनेजरने सगळ्यांना अंगणात जमवून जाहीर केलं की वीस वर्षांच्या वर नोकरी झालेल्यांना एकदाच घसघशीत बोनस मिळेल, प्रत्येकी चार लाख. माझी नोकरी त्यात बसत नव्हती, त्यामुळे मी टाळ्या जरा हळूच वाजवल्या. आत्याने मात्र जेवणाचा डबाही उघडला नाही. ती मोकळ्या खोक्यांच्या आडोशाला गेली आणि भावाला फोन लावला. चार लाख, ती म्हणाली. बरोबर चार.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर आत्या मूर्ख वाटेल, आणि ती तशी नव्हती. कारखान्यात प्रत्येकाच्या पगाराचे दोन आकडे असतात. वरचा म्हणजे ठरलेला, आणि खालचा म्हणजे कापाकापी होऊन हातात पडणारा. वरचा आकडा बाहेर सांगायचा, शेजाऱ्याला, घरमालकाला, जुन्या मैत्रिणीला. खालचा घरी, कारण दूध आणि भाडं त्यावर ठरतं. माझ्या जावेला माझा वरचाच आकडा ठाऊक आहे आणि देवाच्या कृपेने तोच ठाऊक राहील. आत्याला घरी कुणीच नव्हतं. खालचा आकडा सांगायची तिच्यावर कधी वेळच आली नाही, भावालासुद्धा ती वरचाच सांगायची. गरजा थोड्या, लागतील तेवढे काढायचे, उरलेले बँकेत. होता होता खालचा आकडा नावाची काही गोष्ट असते, हेच तिच्या ध्यानातून गेलं.

पुढचे काही दिवस तिच्या खोलीचेच होते. पडदा कोणत्या रंगाचा, कपाट भिंतीत की बाहेर, खिडकी उगवतीला असली तर डोळ्यांवर ऊन येईल का. भाचीला म्हणे रात्री अंधाराची भीती वाटते, ती आत्याच्या खोलीत झोपणार होती. मी वैतागून म्हटलं, अगं, आधी घर तर होऊ दे. मिस्त्रीने नुसतं "बाजारात तुरी" एवढंच म्हणून उरलेली म्हण पोटात ठेवली. ती हसली. इतकी खूश मी तिला पाहिली नव्हती, आणि मला तिचा हेवा वाटला, हेही सांगते.

बोनस जमा झाला तेव्हा खात्यात दोन लाख सत्तर हजार आले.

तिला वाटलं, उरलेले उद्या येतील. उद्याही आले नाहीत तेव्हा मी तिला कारखान्याच्या पगार विभागात घेऊन गेले. तिथला कारकून पेनाचं टोपण चावत बसायचा, माणूस सरळ होता. त्याने शांतपणे समजावलं. बोनस आपल्याला बक्षीस वाटतो, पण कराच्या लेखी तो पगारच. तो वर्षभराच्या पगाराच्या डोक्यावर जाऊन बसतो, आणि वर बसलेल्या पैशाला वरच्या पायरीचा दर लागतो. शिवाय त्याचा सगळा कर एकाच महिन्यात कापावा लागतो, म्हणून घाव मोठा दिसतो. वर्षअखेरीला कराचं विवरणपत्र भरलं आणि जास्त कापलेला निघाला, तर थोडा परत येईल. सगळा नाही.

"पण त्यांनी चार म्हटलं होतं ना?" आत्याने विचारलं.

"चारच दिले, आत्या," तो म्हणाला. "तुम्हाला मिळाले किती, हा वेगळा हिशोब."

मला त्या टोपणासकट त्याला चावावंसं वाटलं. त्याचा काही दोष नव्हता, पण राग कुठेतरी काढावा लागतो. अंगणात जाहीर करताना मॅनेजरला एवढं एक वाक्य वाढवायला काय झालं होतं? आत्या मात्र त्याला धन्यवाद म्हणाली आणि खुर्ची नीट आत सरकवून निघाली.

आता मी जे सांगितलं ते कुणीही सांगितलं असतं. तिची बँकेत मुदतीची ठेव होती, दुखण्याखुपण्यासाठी बाजूला काढलेली, दीड लाखाची. मी म्हटलं, मोड ती, खड्डा बुजव, भावाला चार दे आणि तोंडातून अवाक्षर काढू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या आजारी पडलीस तर ती माणसंच बघतील की, त्यासाठीच तर जातेयस. ती म्हणाली, हो, तेच बरं. मी निर्धास्त झाले. पण तिने ठेव मोडली नाही. दोन दिवस भाच्याचं नाही, भाचीचं नाही, पडद्याचं तर नाहीच, तिने काहीच काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती मला म्हणाली, चल, जरा उभी राहा माझ्याजवळ. आम्ही फुटक्या काचांच्या ढिगाजवळ गेलो, तिथे कुणी येत नाही. तिने फोन लावला आणि भावाला खालचा आकडा सांगितला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दोन सत्तर आले रे, बाकीचा कर कापला, एवढंच बोलली आणि थांबली. ठेवीचं नाव काढलं नाही. मी तिला कोपराने ढोसलं, तरी नाही.

पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. ती म्हणत होती, हो. हो, बरोबर आहे. नाही, तू म्हणतोस ते खरंच आहे. मुलांना सांग. मग तिने फोन एप्रनच्या खिशात ठेवला आणि म्हणाली की ते दोन खोल्यांचं घेतायत, घर बांधणारा थांबायला तयार नाही, आणि भाऊ आधीच कर्जात गळ्यापर्यंत आहे. मी तिच्यावर ओरडले. ठेव काय डोक्याखाली घेऊन झोपणार आहेस का, आत्ताच्या आत्ता परत फोन लाव, म्हटलं. तेवढ्यात भोंगा झाला आणि ती आत गेली.

भावाने घर घेतलं. ती जाऊन दोन दिवस राहून आली. नळाला पाणी जोरात येतं, गच्चीवरून लांबवर दिसतं, असं कौतुक केलं. कुठे झोपलीस, हे मी विचारलं नाही.

वर्ष सरलं, विवरण भरलं गेलं, आणि कराचे थोडे पैसे खरंच परत आले. कारकून स्वतः सांगायला आला, जसे काही त्यानेच खिशातून दिले. संध्याकाळी आम्ही दोघी बसची वाट बघत बाकावर बसलो होतो. माझी जीभ कुठे स्वस्थ बसते. मी म्हटलं, बघ, बोनस, ठेव आणि हे सगळं धरलं तर चारच्या बरंच वर जातं. तेव्हा थोडी कळ काढली असतीस, किंवा नुसतं बोलली असतीस, तर आज तुझी खोली असती. काय म्हणून तोंड शिवून बसलीस?

समोर पट्टा नव्हता, तरी ती समोरच बघत होती.

"ठेव मोडायला किती वेळ लागतो," ती म्हणाली. "सकाळी जाऊन मोडली असती. पण मला वाटलं, एकदा बघावं. मला वाटलं, तो म्हणेल, पैशाचं काय ते बघू ताई, तू ये."

मी मांडीवरची पिशवी सरळ केली.

"तो म्हणाला, पैसे तुझे तुलाच राहू देत. म्हातारपणी एकटीला लागतील."