मापसाहेबांची पिकअप

आमच्या भाऊजींना गाडी चालवता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं ऐकताना माणसाला उगाच वाटत राहतं, की जुनी पिकअप दुरुस्त करायला घरी आणणाऱ्याला ती सुरू झाल्यावर काय करायचं एवढं तरी ठाऊक असेल. तरुणपणी ते एकदा शिकायला गेले होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी शिकवणाऱ्याला सांगितलं, की तुमच्या गाडीचा वेगाचा काटा पाच टक्के जास्त दाखवतो. चौथ्या दिवशी शिकवणी संपली.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. बत्तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते. गल्लीत तोंडावर त्यांना 'साहेब' म्हणतात आणि पाठ वळली की 'मापसाहेब'. खिशात रुमाल नसेल, पण पोलादी टेप असणारच. मुलगी झाली तेव्हा दवाखान्याच्या काट्यावर संशय घेऊन त्यांनी तिला तीनदा तोलायला लावलं होतं. नर्स अजून ओळख दाखवत नाही.

असा माणूस निवृत्त झाला की घरच्यांनी काळजी घ्यायला हवी. ताईला वेळ नव्हता. भाऊजींनी आधी घरातली सगळी दारं काटकोनात आणायला काढली. त्यातली दोन आता लागत नाहीत. मग भिंतीवरची घड्याळं उघडली. मग पाण्याच्या टाकीला गळती शोधणारं काहीतरी बसवलं, तेच गळतं. प्रत्येक कामाआधी ते एकच वाक्य म्हणत: "दोनच महिने." एवढ्या मोठ्या नोकरीत त्यांच्या हातून एकच माप तपासायचं राहिलं, ते हे.

त्यानंतर त्यांना पिकअप सापडली.

"शेड आहेच की आपली रिकामी," जेवताना ते म्हणाले.

ताईचा घास हातातच राहिला. "रिकामी?"

"म्हणजे, गाडी नाहीये ना तिथे."

गाडी नव्हती हे खरं. तिथे ताईची तीन शिलाई मशीनं होती, कापड बेतायचं बारा फुटी टेबल होतं, गठ्ठ्यांच्या फळ्या होत्या आणि रोज नऊला येणाऱ्या दोन बायका होत्या. घराला लागून असलेल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये ताई एकोणीस वर्षं दवाखान्याच्या चादरी, उशांचे अभ्रे आणि डॉक्टरांचे झगे शिवत आली होती. घरातल्यांना शेड आठवायची ती बटण तुटल्यावर.

भाऊजींनी नकाशा काढला. मशीनं वरच्या खोलीत. फळ्या जिन्यात. टेबल बारा फूट आणि खोली दहा, तेव्हा टेबल दोन फूट कापायचं.

"आणि बायका?" ताईने विचारलं.

"त्यांना सुट्टी दे. दोनच महिने."

दवाखाना दोन महिने चादरींवाचून थांबत नाही. तो दुसऱ्याकडे जातो आणि परत येत नाही. हे ताईला कळत होतं, मला कळत होतं, त्या दोन बायकांना तर सगळ्यांत जास्त कळत होतं. भाऊजींना नकाशात फक्त टेबल दोन फूट जास्त दिसत होतं.

गाडी घरी आणायच्या महिनाभर आधी आम्ही तिघं ती बघायला गेलो होतो. मी का गेले, तर ताई म्हणाली, "तू चल, नाहीतर मी तिथेच काहीतरी बोलून बसेन." गावाबाहेर एक रोपवाटिका, तिच्या मागे हिरव्या जाळीखाली गाडी. कधीकाळी निळी असावी. मागच्या हौद्यात वीतभर माती भरून तिथे पुदिना लावला होता.

"चालू आहे का?" भाऊजींनी विचारलं.

रोपवाटिकेचा मालक शांतपणे म्हणाला, "साहेब, चालू असती तर मी हिच्यात पुदिना लावला असता का?"

भाऊजींना हे उत्तर प्रामाणिक वाटलं. त्यांनी टेप काढली आणि टोक ताईच्या हातात दिलं. टोक धरणं हे लग्नानंतर ताईला मिळालेलं पहिलं काम, आणि त्यात बढती झालेली नाही. लांबी, रुंदी, आरशांसकट रुंदी, आरशांवाचून रुंदी. शेवटी उंची: जमिनीपासून टपापर्यंत पाच फूट नऊ इंच. शेडच्या दाराची उंची सहा फूट.

"तीन इंच मोकळी हवा!" भाऊजी ओरडले. मुलगी शाळेत पहिली आली तेव्हा एवढे ओरडले नव्हते.

मग यादीवर खुणा केल्या. आरसे दोन, आहेत. दिवे चार, एक फुटका. चाकं चार, सुस्थितीत. चाकं खरंच सुस्थितीत होती. ती झोपडीच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. गाडी बिचारी पोटावर बसल्यासारखी मातीत रुतून बसलेली होती, आणि भाऊजींनी तिची उंची बसल्या जागी घेतली होती.

माझ्या तेव्हा हे काहीही लक्षात आलं नाही. मला फक्त ताईचा राग येत होता. ती गप्प होती, टोक सोडून हात पुसत होती.

गाडी आणायचा रविवार उजाडला. भाऊजींनी एक ट्रॅक्टरवाला आणि एक लोखंडी दांडी ठरवली होती. दोर लावला तर उतारावर मागची गाडी पुढच्यावर चढते म्हणून दांडी. इथे ते बरोबर होते, आणि दिवसभर त्यांनी ते चार वेळा सांगितलं. रोपवाटिकेच्या मालकाने पुदिना काढून घेतला, जॅक लावला आणि एकेक करून चाकं बसवली. गाडी उठली. अगदी स्पष्ट उठली, गुडघ्यावर हात ठेवून म्हातारी उठते तशी कुरकुरत. त्या वेळी भाऊजी पलीकडे दांडीची लांबी मोजत होते.

आता ओढल्या जाणाऱ्या गाडीत सुकाणूवर कुणीतरी हवं. परवाना एकट्या ताईकडे. ती दवाखान्याचे गठ्ठे तिच्या छोट्या व्हॅनमधून स्वतः पोचवते.

"वळणावर सावकाश हं," भाऊजींनी तिला बजावलं, "चाक एकदम फिरवू नकोस. मी पुढून खुणा करीन."

"तुम्ही कधी चालवलीत गाडी?"

"त्यामागचं शास्त्र मला माहीत आहे."

शास्त्र ट्रॅक्टरच्या मडगार्डवर डायरी घेऊन बसलं. मी ताईशेजारी बसले. सीटमधून एक स्प्रिंग वर आली होती. ती सोडून उरलेल्या जागेवर माझ्यासारखी बाई बसली हा गाडी उठल्यानंतरचा त्या दिवसातला दुसरा चमत्कार.

रस्त्याला लागल्यावर मी तोंड उघडलं. "ताई, सकाळी शेडमध्ये बघितलं मी. एक सुई हलवलेली नाहीस. दुपारी ही गाडी दारात येईल."

"येऊ दे की दारात."

"आणि आत?"

ताई समोर बघत म्हणाली, "चाकं काढलेली असताना उंची मोजली त्यांनी. आज ही आठ इंच वाढली."

मी खिडकीतून टपाकडे बघायला गेले आणि डोकं आपटून घेतलं. "तुला तेव्हाच कळलं होतं?"

"टोक माझ्या हातात होतं ना."

"मग बोलली का नाहीस, बाई?"

"बोलले असते तर त्यांनी महिनाभरात दार उंच करून घेतलं असतं." पुढून भाऊजींनी जोरजोरात हात हलवला. वळण कधीच मागे पडलं होतं. "गिऱ्हाईक खुर्चीत बसून पँटचं माप द्यायला लागलं तर मी त्याला उठवते. हे काही माझं गिऱ्हाईक नाहीत."

"आज कळल्यावर दार उंच करायला निघाले तर?"

तिने सुकाणू आणखी घट्ट धरलं. म्हणाली, "सोमवारी दीडशे चादरी द्यायच्यात." मग मला कळलं, की या बाईकडे पुढची काही योजना नाही. तिने फक्त महिनाभर तोंड बंद ठेवलं होतं, आणि आमच्या घराण्यात तेवढंही कुणाला जमलेलं नाही.

गल्लीत आलो तेव्हा निम्मी गल्ली बाहेर होती. ट्रॅक्टरवाल्याने शेडच्या समोर आणून दांडी सोडली. भाऊजींनी शेडचं दार उघडलं आणि आत मशीनं, टेबल, गठ्ठे जिथल्या तिथे बघून त्यांचा चेहरा उतरला.

"अगं, हे काय? सामान अजून आतच?"

"तीन इंच मोकळी हवा आहे ना?" ताई गाडीतूनच म्हणाली. "आधी टप दाराखालून गेलेला दाखवा. मग मी टेबल हलवते. पाच मिनिटांचं काम."

भाऊजींना आव्हान आवडतं. त्यांनी आठ माणसं मागे लावली, स्वतः दाराशी उभे राहून वाहतूक पोलिसासारखे हात केले. "येऊ द्या... येऊ द्या... भरपूर आहे..."

टण्ण.

बॉनेट दारातून आत, टप दारावरच्या तुळईला. तुळईवरचा धुरळा भाऊजींच्या चष्म्यावर पडला.

"वाकडं कुणी ढकललं?" ते म्हणाले.

उंची वाकड्या ढकलण्याने वाढत नाही, हे बोलायची कुणाची हिंमत झाली नाही. भाऊजींनी टेप लावली. सहा फूट पाच इंच. पुन्हा लावली. मग मला घरातून दुसरी टेप आणायला पाठवलं. दुसरीनेही गद्दारी केली. ते डायरीकडे बघत उभे राहिले, मग चाकांकडे, मग पुन्हा डायरीकडे. त्यांना कळल्याचं मला त्यांच्या कानांवरून कळलं, ते लाल झाले.

"हवा काढा," त्यांनी हुकूम सोडला.

चारही चाकांची हवा काढली. गाडी तीन इंच बसली. अजून दोन इंच राहिले. भाऊजींनी मान वर केली आणि तुळईकडे बघितलं. तसंच ते एकेकाळी घरातल्या दारांकडे बघायचे.

"सोपं आहे," ते म्हणाले. "पत्रे उतरवायचे, तुळई वर घ्यायची, पुन्हा पत्रे..."

ताई गाडीतून उतरली. "तुळईला हात लावायचा नाही."

"अगं, दोनच..."

"दोन महिने नाही, दोन दिवससुद्धा नाही. उद्या चादरी गेल्या नाहीत तर परवापासून मला शिवायला काही नाही. माझ्याकडच्या दोघी बायकांनाही नाही. मग लावा खुशाल शेडमध्ये गाडी, तिथे दुसरं काही राहणारच नाही."

तिचा आवाज फाटला. इतक्या माणसांत ती कधी अशी बोलली नव्हती. भाऊजीही क्षणभर चपापले, पण माणूस हट्टी. "तू ऐकून तर घे. गवंड्याला आत्ता बोलावतो..."

एवढ्यात समोरचा किराणावाला रस्ता ओलांडून आला. वीस वर्षांपूर्वी दहा ग्रॅमच्या फरकासाठी भाऊजींनी याचा तराजू जप्त केला होता. दुकान आठ दिवस बंद होतं. तेव्हापासून तो भाऊजींना साखर देताना तीन वेळा तोलतो आणि तिन्ही वेळा मोठ्याने आकडा म्हणतो.

त्याने हात मागे बांधून दाराकडे, टपाकडे, तुळईकडे नीट बघितलं. मग अतिशय आदराने विचारलं, "साहेब, किती कमी भरलं?"

 ट्रॅक्टरवाल्याने ऐकायला इंजिनच बंद केलं.

भाऊजींनी चष्मा पुसला. तुळई उचलायची तर गवंडी बोलवायला हवा, गवंड्याला कारण सांगायला हवं, आणि ते कारण या माणसासमोर उच्चारायला हवं.

"कमी काही भरलेलं नाही," ते म्हणाले. "गाडी आत ठेवायचीच नव्हती. असल्या कामाला उजेड लागतो."

"मग नाक आत कशाला खुपसलंय तिने?"

"दार तपासत होतो."

"अच्छा. आणि हवा?"

भाऊजी तोंड उघडायच्या आत ताई पुढे झाली. "उजेड हवाच हो. अंगणात ठेवायची आहे साहेबांना. तुम्हीही लावा हात, काका. सगळ्यांनी ऐकलंय ना, अंगणात!"

तिने 'अंगणात' हा शब्द पार कोपऱ्यावरच्या घरापर्यंत पोचेल असा म्हटला. भाऊजींनी मान हलवली. दुसरं काय करणार? बत्तीस वर्षं सरकारी शिक्का वापरलेल्या माणसाला सर्वांसमोर बोललेला शब्द मागे घेता येत नाही. हवा नसलेल्या चाकांवरची ती गाडी मागे घ्यायला आठ माणसांना पाऊण तास लागला आणि किराणावाल्याने सगळ्यांत जास्त जोर लावला.

दीडशे चादरी सोमवारी गेल्या. दोन महिने उलटून सहा झाले. गाडी अंगणात उघड्यावर उभी आहे आणि उजेड भरपूर आहे. भाऊजींनी इंजिनाचे शंभरएक भाग सुटे केले, प्रत्येकाला चिठ्ठी लावली, चिठ्ठीवर भागाची लांबी-रुंदी लिहिली. कोणता भाग कुठला, ते लिहायचं राहिलं. येणारे-जाणारे थांबून सल्ले देतात. भाऊजी त्यांना शास्त्र सांगतात. खरं सांगायचं तर ते खूश आहेत. मला वाटतं, ती सुरू झाली तर त्यांचे हाल होतील.

परवा मी ताईकडे शेडमध्ये बसले होते, तेव्हा ते दाराशी आले. आत आले नाहीत, उंबऱ्यावर उभे राहिले. मशीनं थांबेपर्यंत थांबले, हेही नवीनच.

"सीटला कव्हर हवं होतं," ते म्हणाले. "तुला सवड झाली की. घाई नाही. मापं लिहून आणलीत."

त्यांनी कागद पुढे केला. ताईने तो घेतला, बघितला नाही, चौपदरी घडी करून डगमगणाऱ्या मशीनच्या पायाखाली सरकवला. मग गळ्यातली कापडी टेप सारखी केली आणि त्यांच्या शेजारून अंगणात निघाली.

भाऊजींचं तोंड उघडलं होतं. ते त्यांनी मिटलं. तिच्या मागोमाग गेले, पुढे होऊन तिच्यासाठी गाडीचं दार ओढलं, आणि कडी त्यांच्या हातात आली.

"ठेवा बाजूला," ताई पलीकडच्या दाराने आत चढत म्हणाली. "आणि हे टोक धरा."