निखळलेला खुबा
आई गेल्यापासून बाबा धायरीच्या घरात एकटेच राहतात. सोबतीला कुत्री, तांबूस, उभ्या कानांची, रस्त्यावरून एक दिवस फाटकातून आत आली ती तिथलीच झाली. मी पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, खराडीला राहतो. रविवारी त्यांच्याकडे जातो, पण दर रविवारी नाही.

त्या आठवड्यात बाबांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो.

"हिचा पाय दुखावलाय. येतोस का जरा? मला एकट्याला उचलून नेता येत नाहीये."

"लचकला असेल. शेक द्या, रविवारी येतोच आहे मी."

"बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

रविवारी पाहिलं तर ती मागचा डावा पाय वर धरून उभी होती. गुडघा बाहेर वळलेला, टाच आत गेलेली, नखं जेमतेम फरशीला टेकत होती. मांडीला हात लावला तशी गुरगुरली. एरवी ती माझ्यावर कधी गुरगुरत नाही. चादरीत घालून आम्ही तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टर बाईंनी तिचे मागचे दोन्ही पाय सरळ करून शेजारी शेजारी धरले. डावा आखूड दिसत होता.

"खुबा निखळलाय. मांडीच्या हाडाचा गोळा वाटीतून निसटून वर सरकलाय. एक्स-रे काढू, कुठे मोडलंय का तेही कळेल. कधी झालं हे?"

"मागच्या रविवारी," बाबा म्हणाले.

"मग इतके दिवस काय केलंत?"

बाबांच्या आधी मीच बोललो. "शेकत बसले होते. घरचे वैद्य आहेत ना आमचे."

बाबा चष्मा पुसत राहिले.

"लगेच आणली असती तर भूल देऊन बसवलेला सांधा टिकण्याची शक्यता जास्त होती," डॉक्टर म्हणाल्या. "आता स्नायू आखडलेत. तरी बघू. गाडीचा धक्का लागला होता का?"

"मी बघितलं नाही," बाबा म्हणाले.

तिला एक्स-रेला नेलं आणि आम्ही बाहेर बाकावर बसलो. मागच्या रविवारी निघताना मी फाटकाजवळ गाडी मागे घेतली होती. काचा वर, फोनवर बोलणं चालू. आरशात बाबा जोरजोरात हात हलवताना दिसले होते. मला वाटलं, निरोप देतायत.

"माझी गाडी लागली का तिला?"

बाबांनी आधी एक्स-रेच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "चाक नाही गेलं. मागून धक्का बसला."

"मग फोनवर सांगायचं ना."

"सांगून काय झालं असतं? तुला वाईट वाटलं असतं. आधीच कमी येतोस."

मान वर करून त्यांच्याकडे बघवेना. आत डॉक्टरांसमोर त्यांनी माझं ते वैद्यांचं वाक्य ऐकून घेतलं होतं, सगळं माहीत असून. मी उठून डॉक्टरांकडे गेलो.

"धक्का माझ्याच गाडीचा होता. आणि शेक द्यायला मीच सांगितलं होतं, बाबांनी ठरवलं नव्हतं."

त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. "बरं झालं सांगितलंत," एवढंच म्हणाल्या. "मग छाती आणि मूत्राशयही तपासून घेते."

सुदैवाने आत काही इजा नव्हती. भूल देऊन सांधा बसवला, पाय पोटाशी बांधून ठेवला. पण काही दिवसांनी तो पुन्हा निसटला. शेवटी ऑपरेशन करून हाडाचा तो गोळाच काढून टाकावा लागला. आता सांध्याचं काम आजूबाजूचे स्नायूच करणार होते, म्हणून तिला रोज थोडं थोडं चालवायचं होतं. मी ऑफिसचं काम धायरीतून करू लागलो. पोटाखालून टॉवेल घालून मी तिचा मागचा भार उचलून धरायचो आणि बाबा पुढून हाक मारत चालायचे. आता ती थोडी लंगडते, पण चारही पायांवर पळते.

तिला टॉवेलने चालवायचो त्या दिवसांत एका संध्याकाळी शेजारच्या काकूंनी फाटकाशी थांबवून चौकशी केली, तेव्हा बाबा म्हणाले, "सगळं मुलानंच केलं. तो होता म्हणून वाचली."

मी टॉवेल धरून खाली बघत उभा होतो. ती माझा हात चाटत होती.