अण्णांनी न उघडलेलं पाकीट

मी आज जो काही आहे तो नागपट्टणच्या भीमरावअण्णांमुळे. महिन्यापूर्वी ते गेल्याचं कार्ड तंजावरला, मी शिकवतो त्या शाळेत आलं. वर्ग तसाच सोडून मी आगगाडी गाठली... पण कार्डच उशिरा पोचलेलं. दहावा होऊन गेला होता.

अण्णा मूळचे तंजावरच्या राजवाड्यातले लेखनिक. राज्य खालसा झालं, दप्तरं बंद पडली, आणि एके दिवशी शिपायानं लांब पाकिटातून इंग्रजी कागद आणला. अण्णांना तो वाचता येईना. एका कारकुनानं भर रस्त्यात मोठ्यानं वाचला : किल्ल्यातलं घर सोडा. सारी आळी ऐकत उभी होती. मग बहिणीला, गोदाक्कांना, घेऊन ते समुद्रकाठी नागपट्टणला आले आणि तिण्णैवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसून गावाची पत्रं लिहू-वाचू लागले. बंदरावरचे हमाल, नवरे ब्रह्मदेशाला गेलेल्या बायका, सगळ्यांना अण्णा ठाऊक. ते म्हणत, "तमिळात रडा, तेलुगूत गा, मराठीत भांडा, कागदावर मी नीट करून देतो." मीही त्याच ओट्यावर अक्षरं गिरवली. माझे वडील मिठागरावर होते. इंग्रजी शाळेचं नाव काढताच घाबरले. अण्णाच त्यांना म्हणाले, "रामोजी, एवढी एक भाषा माझ्या ओट्यावर यायची राहिली. हा आणील. जाऊ दे त्याला."

म्हणून बी.ए. झालो तेव्हा पहिलं पत्र त्यांनाच लिहिलं, मोठ्या हौसेनं, इंग्रजीत, आणि कॉलेजच्या लांब पाकिटात घालून धाडलं. उत्तर आलं नाही. मद्रासेत मी शेंडी काढली हे कुणी कळवलं असेल का? मिशनमधल्या प्रोफेसरांकडे जेवलो, म्हणजे बाटलो, असं कुणी सांगितलं असेल? की त्यांना न विचारता तंजावरची नोकरी धरली, ते लागलं? दुसरं पत्र लिहायला बसे आणि हात थांबे. नागपट्टण गाडीनं काही लांब नाही, तरी पाय उचलेना... असे पाच महिने गेले.

आणि आता ते कार्ड आल्यावर मी नागपट्टणला त्यांच्या दारात उभा होतो. गोदाक्कांनी दार उघडलं. आत भांडी, अंथरुणं, पोथ्या, सगळ्यांची गाठोडी बांधलेली.

"हे काय, अक्का? कुठं निघालात?"

"मी कुठं जातेय! अण्णानं बांधून ठेवलंय. इंग्रजी कागद आला ना, हेही घर गेलं म्हणाला."

"अहो, कुणाला तरी दाखवायचा!"

"सांगून थकले. 'एकदा रस्त्यात ऐकलं तेवढं पुरे,' म्हणे. साऱ्या गावाची पत्रं वाचणारा माणूस, आणि दारात पाऊल वाजलं की विचारायचा, शिपाई का गं?" त्यांनी देवांमागून पाकीट काढून माझ्या हातात दिलं. "तू शिकलायस. बघ बाबा, किती दिवसांत निघायचंय मला?"

पाकीट बंदच होतं. वरचं अक्षर माझं होतं. म्हणजे ती भीती मीच पाठवली होती... अक्कांना मराठीत वाचून दाखवलं, ते असं :

"तीर्थरूप अण्णांस साष्टांग नमस्कार. मी बी.ए.ची परीक्षा उतरलो. आमच्या घराण्यात आजवर कुणी सहीही केली नव्हती. आईबापांनी जन्म दिला, बाकी सारं तुम्ही. एक हट्ट आहे. हे पत्र एकट्यानं ऐकू नका. ओट्यावर माणसं जमली असतील तेव्हा कुणा इंग्रजी जाणणाऱ्याकडून मोठ्यानं वाचून घ्या. साऱ्या आळीला ऐकू जाऊ दे."