अमडापूरला गेलेली गोधडी

सोजराबाईच्या हातच्या गोधड्या मलकापुरात अर्ध्या आळीच्या अंगावर होत्या. जिनिंगमध्ये रुई निवडता निवडता तिची हयात गेली, नवरा तरणाताठा असतानाच गेला, पण सुई काही हातातून सुटली नाही. मशीनचं मात्र तिला वावडं. ते शिंप्याचं काम, बायांनी कशाला पाय हलवत बसावं, असं ती चारचौघींत बोलून दाखवायची. त्याच बाईनं साठीला टेकल्यावर मशीन शिकायला शेजारच्या बेबीताईचा उंबरा झिजवायला सुरुवात केली, तेव्हा आळीतल्या बायांनी तोंडाला पदर लावून हसून घेतलं. त्यांना कारण ठाऊक नव्हतं, आणि सोजराबाई ते सांगणार नव्हती.

कारण होती गंगू, तिची नात. सोजराबाईची एकुलती एक लेक सिंधू अमडापूरला दिली होती. ती बाळंतपणाला माहेरी आली आणि बाळंतपणातच गेली. मूल जगलं. मुलगी म्हणून असेल, किंवा आईला खाऊन आली म्हणून असेल, अमडापूरच्यांनी तिला नेण्याची घाई केली नाही. सोजराबाईनं शेळीच्या दुधावर तिला वाढवलं आणि सिंधूच्या हिरव्या लुगड्यात गुंडाळून निजवलं. त्या लुगड्याशिवाय पोरगी डोळ्याला डोळा लागू देत नसे. रडून रडून काळीनिळी पडायची.

जावई माणिकरावानं दुसरं लग्न केलं. नवी बायको पंचफुला देऊळघाटची, सोळा-सतरा वर्षांची. मग विहिणीचा, सत्यभामाबाईचा, निरोप आला की आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की पोरीला घेऊन जातो. सोजराबाईला वाईट वाटलं नाही, उलट तिनं देवाला हात जोडले. जिनिंगची रुई तिच्या छातीत साचली होती. चार पावलं चाललं की दम लागायचा, आणि दवाखान्यातल्या डॉक्टरनं औषधापेक्षा उसासेच जास्त दिले होते. आपल्यामागं या पोरीला बाप हवा, घर हवं, आणि जमलं तर आई हवी, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

पण निरोपाला एक शेपूट होतं. सिंधूची एक चिंधीसुद्धा संगं देऊ नका. मेलेल्या बायकोचं कापड नव्या नवरीच्या घरात आलं की सवत मागोमाग येते म्हणे. पंचफुलाच्या गळ्यात सिंधूच्या नावाचा चांदीचा टाक बांधलेलाच होता, सवतीला शांत ठेवायला. आता लुगड्याशिवाय ही पोरगी रात्रभर भोकाड पसरणार, दोन रात्रींत त्या घराला नकोशी होणार, हे सोजराबाईला लख्ख दिसत होतं. तिनं ठरवलं, लुगडं जाईल, पण गोधडीच्या पोटात जाईल.

हाताचे टाके त्याला पुरेसे नव्हते. हातशिलाई उसवते, वरचं कापड बोटभर फाटलं तरी आतलं हिरवं डोकावलं असतं, आणि ते लुगडं अमडापुरात सगळ्यांनी पाहिलेलं. टाके असे दाट हवे होते की नखसुद्धा शिरू नये. म्हणून मशीन. बेबीताई तालुक्याच्या क्लासात मशीनवरचं भरतकाम शिकून आली होती. तिनं कापड दाबून धरणारा मशीनचा फूट काढला, खालचा स्क्रू सैल करून कापड ओढणारे दाते खाली बसवले आणि म्हणाली, "मावशी, आता मशीन काही ओढत नाही. तुमचा हात नेईन तिकडं टाका जाईन."

ऐकायला सोपं वाटलं. पण पाय आणि हात यांचं काही जमेना. पाय धावायचे आणि हात बिचकायचे, की एकाच जागी टाक्यांची गाठ. हात धावले की लांबच लांब टाके. फूट नाही म्हणून त्याची दांडी खाली पाडायची राहून जायची आणि कापडाखाली दोऱ्याचा गुंता व्हायचा. सुया मोडल्या. एकदा सुई बोटात गेली, ती बेबीताईनं चाक उलटं फिरवून काढली. सोजराबाई ओरडली नाही, फक्त रक्त कापडाला लागू नये म्हणून बोट तोंडात धरलं. चिंध्यांवर गिरवता गिरवता मग एक दिवस दोन्ही एका लयीत आले आणि ती स्वतःशीच हसली. सिंधू गेल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती.

मग खरी गोधडी घेतली. खाली मांजरपाट, मध्ये घड्या घालून लुगडं, वर नवं छीट. आणि इथंच तिच्या आयुष्यभराच्या कसबानं तिला दगा दिला. हातानं गोधडी घालताना काठापासून सुरू करून आत आत यायचं, हे तिला आईनं शिकवलेलं. ती तशीच आली. दाट टाक्यांनी कापड आतल्या बाजूला सारत नेलं आणि मधोमध ही एवढी गाठोड्यासारखी फुगी उठली. मशीनवर मधूनच सुरू करावं लागतं, हे सांगायचं बेबीताईच्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण ज्या बाईनं शेकडो गोधड्या घातल्या तिला काय सांगायचं? टाके उसवता उसवता छीट फाटलं, लुगड्यालाही दोन ठिकाणी भोकं पडली. सोजराबाई ते मांडीवर घेऊन ढसाढसा रडली. मग डोळे पुसून तिनं बेबीताईकडून छिटाचा दुसरा तुकडा मागून घेतला आणि मधून सुरुवात केली.

गोधडी झाली. गंगू तिच्यात शिरली, जरा चाचपडली आणि निजली. आखाजीनंतर माणिकराव आला आणि पोरगी गोधडीसकट गेली. पुढं वर्षभर बरे निरोप येत होते. पोरगी रडत नाही, गोधडी मात्र सोडत नाही.

मग पंचफुलाचं पोट पडलं. एकदा, आणि पुन्हा एकदा. विहिणीनं देवर्षी गाठला. त्यानं डोळे मिटून सांगितलं की मेलेलीचं काहीतरी या घरात आहे. असल्या माणसाला कुठंतरी बोट दाखवावंच लागतं, त्यावर त्याचं घर चालतं. पण या वेळी त्या मेल्याचं बोट बरोबर पडलं. त्यांनी पेट्या उपसल्या, कणग्या उपसल्या. काही सापडलं नाही, तेव्हा सगळ्यांची नजर गंगूवर गेली. मेलेलीचं म्हणून घरात हीच तर होती.

बोलावणं आलं तशी सोजराबाई धापा टाकत एसटीनं अमडापूरला पोचली. अंगणात गंगूची पिशवी भरून ठेवलेली, आणि गंगू गोधडी कवटाळून पायरीवर. विहीण म्हणाली, "इहीनबाई, तुमची पोरगी तुम्ही घेऊन जा. आमच्या सुनेले जगू द्या." माणिकराव खाली मान घालून उभा. पंचफुला दाराआड रडत होती.

सोजराबाईचा जीव एकदम हलका झाला, खोटं कशाला सांगा. गप्प राहिलं की पोरगी आपली. पण तिला खोकल्याची उबळ आली, ती लवकर थांबेना, आणि थांबली तेव्हा तिचं ठरलं होतं.

"पोरीत काही नाही," ती म्हणाली. "गोधडीत हाये. सिंधूचं लुगडं आतमंधी मी घातलं. पोरीले काऊन दोष देता?"

विहिणीनं गोधडी ओढून घेतली, शिवण चाचपली. विळा आणला, पण टाके इतके दाट होते की काही सुटेना. तिनं अंगणात काटक्या पेटवल्या आणि गोधडी सोजराबाईच्या हातात दिली. "ज्या हातानं पाठवलं त्याच हातानं टाका. आन् पुन्हा या दारात येऊ नका."

सोजराबाईनं टाकली. लेकीचं होतं नव्हतं ते सगळं त्यात होतं. गंगूनं आजीला आपली गोधडी जाळताना पाहिलं. ती धावत आली आणि आजीच्या मांड्यांवर इवल्या मुठींनी मारत सुटली. सोजराबाईनं जवळ घ्यायला हात पुढं केले, तर पोरगी किंचाळली आणि पंचफुलाकडं पळाली. "माय," तिनं तिला पहिल्यांदाच म्हटलं, "मले घे. आजीले हाकल."

पंचफुलानं क्षणभर सासूकडं पाहिलं. सासू विस्तवाकडं वळून काटक्या सारत राहिली. मग तिनं पोरीला उचलून कडेवर घेतलं आणि आत नेलं.

सोजराबाई एकटीच स्टँडकडं निघाली. मागं वळून पाहावंसं फार वाटलं, पण आपण दिसलो तर पोरगी पुन्हा रडेल, म्हणून तिनं पाहिलं नाही.