येसराचे शुभेच्छुक

माझ्या बायकोच्या येसराला जगभरातल्या जुगार अड्ड्यांचा जाहीर पाठिंबा होता, आणि तो मी मिळवून दिला होता.

येसर म्हणजे काय, हे आमच्या धाराशिवात कुणाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ खमंग भाजायची, त्यात धने, खोबरं, मिरच्या, खडा मसाला घालायचा आणि दळून आणायचं. त्याची आमटी लग्नाच्या पंगतीत वाढली की माणूस नवरा-नवरी विसरतो आणि वाढप्याची वाट बघत बसतो. आमची सुनंदा हे येसर इतकं झकास करते की पुण्याला नोकरीला गेलेली आपल्याकडची माणसं तिच्या वेबसाइटवरून ते मागवायची. लग्नसराई आली की घरात पाय ठेवायला जागा नसायची, सगळीकडं पाकिटं!

ही वेबसाइट मी बनवली होती. फोटो माझे, मजकूर माझा, पासवर्ड माझ्याकडं. येसर तेवढं तिचं. (घरात याला मी 'आमचा धंदा' म्हणायचो.)

आता माझा खरा धंदा सांगतो, म्हणजे पुढचं सगळं कसं घडलं ते कळेल. बसस्टँडजवळ माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस कुणाचाही असो, फ्लेक्सचं वजन वरच्या फोटोवर ठरत नाही, खालच्या शुभेच्छुकांवर ठरतं. जितकी नावं जास्त, तितका माणूस मोठा. एकदा ढोकीच्या एका भावी सरपंचाच्या फ्लेक्सवर मी इतके शुभेच्छुक बसवले की ज्याचा वाढदिवस त्यालाच कोपऱ्यात सरकवावं लागलं! (तो निवडणुकीत पडला. शुभेच्छुकांनीसुद्धा त्याला मतं दिली नव्हती. यातून मी तेव्हाच काहीतरी शिकायला पाहिजे होतं.)

तर एके दिवशी मी नेटवर वाचलं, की आपली वेबसाइट सर्च इंजिनात वर दिसायची असेल तर दुसऱ्या वेबसाइटवर आपलं नाव आणि आपल्याकडं येणारी लिंक पाहिजे. त्याला बॅकलिंक म्हणतात. जितकी माणसं आपल्याकडं बोट दाखवतील तितकं आपलं वजन जास्त. मी खुर्चीतून उठलोच. अरे, हे तर शुभेच्छुक! ज्या विद्येत मी केस पांढरे केले तीच ही विद्या!

अशी नावं लावून देणारा एक माणूस मी नेटवरच गाठला.

"सर, क्वालिटी पाहिजे का क्वांटिटी?" त्यानं फोनवर विचारलं.

"भाऊ, फ्लेक्सवर कधी कुणी क्वालिटी बघतं का? मावतील तेवढी नावं टाका!"

त्यानं टाकली. सुनंदाच्या येसराची शिफारस ऑनलाइन रमीच्या साइटवर झळकली. वजन घटवायच्या गोळ्या विकणाऱ्यांनी केली. परदेशातल्या कुठल्याशा गावात कुलपं उघडून देणाऱ्यानंही केली. त्याला येसर कशाशी खातात हे माहीत असायचं काही कारण नव्हतं, पण आपल्याकडं तरी शुभेच्छुक कुठं ओळखीचे असतात? साइट सुरुवातीला खरंच वर गेली. मी मिशीला पीळ दिला.

मग एका सकाळी मेल आला. सर्च इंजिनवाल्यांचा. तुमच्या साइटकडं येणाऱ्या लिंक बनावट दिसतात, म्हणून तुमच्यावर कारवाई करण्यात येत आहे. मी धाराशिवचं येसर शोधून बघितलं. सुनंदाची साइट गायब! पहिल्या पानावर नाही, दुसऱ्यावर नाही. पुढं पुढं बघत गेलो तर येसराची कृती सांगणारी कुणी परदेशातली बाई सापडली, सुनंदा नाही.

ऑर्डरी थांबल्या, आणि त्याही ऐन लग्नसराईच्या तोंडावर. मी सुनंदाला काय सांगितलं? काहीच नाही. म्हटलं, गुपचूप निस्तरू, कशाला तिच्या जिवाला घोर!

पण घोर लागलाच. तिला वाटलं, आपल्या हाताची चव गेली.

एका दुपारी ती वाटीत आमटी घेऊन माझ्यासमोर बसली. "खरं सांगा, काय चुकायलंय? लोकांला आवडंना झालंय व्हय?"

आता इथं एखाद्या भल्या माणसानं कबुली दिली असती. मी आमटी भुरकली. झकास होती. नेहमीसारखीच. आणि मी, नालायक माणूस, म्हणालो, "जरा... धने जास्त झाल्यासारखे वाटतात."

तिनं सगळं येसर बाजूला ठेवलं आणि नव्यानं भाजायला घेतलं. दुसऱ्या वेळी मी बाजरीवर खापर फोडलं. तिसऱ्या वेळी लवंगेवर. उन्हाळ्यात ती कढईसमोर उभी राहून घाम पुसत होती आणि मी पंख्याखाली बसून चव घेत होतो. आजही भाजक्या डाळीचा वास आला की माझी मान आपोआप खाली जाते.

इकडं माझं निस्तरणं चालू होतं. सर्च इंजिनवाल्यांकडं फेरविचाराचा अर्ज करता येतो, असं कळलं. अर्ज! मला तर हुरूपच आला. नगरपालिकेपासून वीज कंपनीपर्यंत अख्ख्या गल्लीची निवेदनं माझ्याच दुकानात टाइप होतात. मी बसलो आणि लिहिलं. 'महोदय, आपल्या कार्यकुशल नेतृत्वाखाली सर्च इंजिनाची उत्तरोत्तर प्रगती होवो.' मग मराठवाड्यावर कायम कसा अन्याय होत आला आहे, ते लिहिलं. मग ही कारवाई म्हणजे त्याच अन्यायाचा पुढचा भाग कसा आहे, ते लिहिलं. आणि शेवटी सवयीनं हातातून उतरलंच, 'सात दिवसांत न्याय न मिळाल्यास आम्हास नाइलाजास्तव लोकशाही मार्गाने उपोषणास बसावे लागेल, व होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल.'

खाली गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

"कशाचं हाय हे? नळाचं का?" समोरच्या काकांनी विचारलं.

"तसलंच," मी म्हणालो.

"मग घ्या दोन सह्या! आमच्या हिची बी म्याच करतो."

सगळं स्कॅन करून जोडलं. (खरं सांगायचं तर ज्या भानगडीपायी शिक्षा झाली तीच मी पुन्हा केली होती. नावं गोळा करून पाठवली होती.) उत्तर आलं, अर्ज नामंजूर. आधी त्या बनावट लिंक काढून घ्या, मग बोला.

काढायच्या कशा? ज्यांनी लावल्या त्यांना सांगून. मी रागारागात एक मेल लिहिला आणि ज्या ज्या साइटवर आमचं नाव होतं त्या सगळ्यांना एका झटक्यात धाडला. 'आपण कोण, हे आम्हास ठाऊक नाही. आपल्यासारख्या बदनाम ठिकाणी आमचे नाव दिसल्याने आमच्या घराण्याची अब्रू धुळीस मिळत आहे. ते तात्काळ काढावे. यापुढे आपला व आमचा कसलाही संबंध उरलेला नाही.' असा कडक मजकूर की मलाच वाचून घाम फुटला.

रमीवाल्यानं दाद दिली नाही. गोळ्यावाल्यानं दिली नाही. कुलूपवाला तर बहुतेक कुणाचं तरी कुलूप उघडण्यात गुंतला असावा. मेल मनावर घेतला तो फक्त एका माणसानं. त्यानं त्याच दुपारी आमचं नाव काढलं आणि मोटरसायकलला किक मारली.

हे म्हणजे अणदूरचे विलासराव, सुनंदाचे सख्खे थोरले भाऊ.

विलासराव आपल्या गावाची एक वेबसाइट चालवतात. खंडोबाच्या यात्रेची माहिती, एसटीच्या वेळा, द्राक्षावरच्या फवारण्या, असं सगळं त्यात असतं. आणि तिथंच एका कोपऱ्यात त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'आमच्या बहिणीच्या हातचं येसर इथं मिळतं.' खाली लिंक. आमच्या सगळ्या शुभेच्छुकांत जगातला एकच खरा शुभेच्छुक होता, आणि मी त्याला कळवलं होतं की आपण कोण हे आम्हास ठाऊक नाही!

ते आले, पण बसले नाहीत. सुनंदानं पाणी पुढं केलं, त्यालाही हात लावला नाही. घरातलं माणूस पाण्याला हात लावत नाही म्हणजे प्रकरण किती पुढं गेलं, हे आमच्याकडं लहान पोरालाही कळतं.

"दाजी, आमचं काय चुकलं असंल तर तोंडावर सांगायचं हुतं."

"विलासराव, अहो तो मेल..."

"आमी बदनाम ठिकाण? अणदूर? खंडोबाचं गाव बदनाम?" त्यांनी फोन काढला आणि माझा मेल पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यांदा वाचला. 'घराण्याची अब्रू'ला त्यांचा आवाज चिरकला. "माझी बहीण दिली हाय ह्या घरात, आन् तुमी म्हणताव संबंध उरला न्हाय? मग दिवाळीला भाऊबीज घिऊन येऊ, का न्हाय, तेवढं लिहून द्या!"

सुनंदा माझ्याकडं बघत होती. आता पळायला जागा नव्हती. मी सगळं सांगितलं. शुभेच्छुक, रमी, गोळ्या, कारवाई, निवेदन, उपोषण, सगळं. समोरच्या काकांची दुहेरी सहीसुद्धा सांगितली. मला वाटलं ती आता भडकेल. मी तयारीत होतो.

तिनं फक्त एवढंच विचारलं, "म्हंजी माझ्या येसरात काय वंगाळ नव्हतं?"

"नाही," मी म्हणालो.

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"मग ते धनं?"

विलासरावांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला वाटलं, फ्लेक्सच्या खिळ्याला मला टांगावं आणि खाली कुणीच शुभेच्छुक नसावा. आयुष्यात माझी फजिती पुष्कळदा झाली आहे, पण लाज म्हणजे नेमकं काय ते मला त्या दुपारी कळलं.

सुनंदानं पदर खोचला. "आणा तो लॅपटॉप. नावं वाचा."

सर्च इंजिनाकडं एक सोय असते. जी माणसं नाव काढत नाहीत त्यांना आपण लेखी नाकारू शकतो. म्हणजे, ही आमची नाहीत, ह्यांच्यावरून आमची पारख करू नका. मी एकेक साइट वाचायची, सुनंदानं 'ही आपली न्हाय' म्हणायचं आणि मी ती फाइलीत टाकायची, असं आम्ही बसलो. विलासराव साक्षीदार म्हणून उभेच. मधेच मी थांबलो.

"वाचा की!"

"ही... राहू दे. मी टाकतो गुपचूप."

"वाचा म्हणलं ना!"

मी वाचलं. विलासराव एकदम छताकडं बघायला लागले.

"अगं बया!" सुनंदा म्हणाली. "ह्या असल्या उघड्या बायका माझ्या येसराला शुभेच्छा द्यायला लागल्या व्हय?"

सगळी नावं नाकारून झाली. मग फेरविचाराचा अर्ज तिनं सांगितला आणि मी लिहिला. मी 'महोदय, आपल्या कुशल...' एवढं टाइप केलं तेवढ्यात तिनं माझा हात धरला. "पुसा ते." मग ती सांगत गेली, "माझ्या नवऱ्यानं मोठेपणासाठी खोटी नावं लावली. ती आमी नाकारली. येसर खरं हाय. पुन्यांदा असं हुणार न्हाय, म्या करू देणार न्हाय." बस, एवढंच. सही एकच, तिची.

काही दिवसांनी उत्तर आलं, कारवाई मागे घेण्यात आली आहे. माझं सगळं निवेदनशास्त्र ज्याच्यापुढं आपटलं होतं ते सर्च इंजिन तिच्या चार ओळींत विरघळलं! साइट लगेच काही पूर्वीच्या जागी गेली नाही, पण दिसायला लागली. विलासरावांनी त्यांच्या साइटवर लिंक परत लावली, पाणीही प्यायले, आणि निम्मी लग्नसराई उरली असताना पुण्याची पहिली ऑर्डर आली. सुनंदानं ते पाकीट स्वतः बांधलं. बांधताना नाकाशी नेऊन वास घेतला आणि स्वतःशीच मान हलवली. मला तेव्हा फार वाईट वाटलं, आणि फार बरंही वाटलं.

पासवर्ड आता तिच्याकडं आहे. परवा तिनं माझ्याच दुकानातून येसराचा एक फ्लेक्स छापून घेतला. मी विचारलं, "खाली शुभेच्छुक?" ती म्हणाली, "मोकळं ठिवा." निदान एका कोपऱ्यात माझं नाव असावं म्हणून मी तिला रीतसर निवेदन दिलं. आपल्या कार्यकुशल नेतृत्वाखाली वगैरे लिहिलं. आणि हाताला लागलेली सवय, शेवटी उपोषणाचा इशाराही देऊन बसलो.

तिनं सगळं निवेदन नीट वाचलं. नावाची मागणी फेटाळली. उपोषण मात्र त्याच संध्याकाळपासून मंजूर केलं. माझं इतक्या तातडीनं मंजूर झालेलं ते आयुष्यातलं पहिलंच निवेदन.